दुसऱ्या माणसाची दोनशे बारा वाक्यं

नाटकाच्या जाहिरातीत सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, 'पहिला माणूस' आणि 'दुसरा माणूस' असे दोघे असतात. पहिला माणूस धावत येऊन निदान बातमी तरी सांगतो. दुसऱ्याने फक्त "काय सांगतोस!" म्हणायचं आणि बाजूला सरकायचं. आपला हा गृहस्थ हौशी नाटक मंडळीत सव्वीस वर्षं दुसरा माणूस होता. एकदा पहिला माणूस तापाने आडवा झाला म्हणून ह्याला बढती दिली, तर ह्याच्या जागी उभं राहायला कोणी तयार होईना. शेवटी ह्याला परत दुसरा केलं आणि पहिला बाहेरून आणला. तेव्हापासून मंडळीत, गल्लीत, आणि बायको चिडली की घरातसुद्धा, त्याचं नाव दुसरा माणूस पडलं ते पडलं.

पोटापाण्याचं काम वेगळं होतं. बस स्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून तो गाड्यांच्या घोषणा करायचा. एक टेबल, एक पंखा, एक माइक आणि माइकवर धूळ बसू नये म्हणून बायकोने शिवलेली टोपी. लेक लहान असताना शाळा सुटली की थेट त्या खोलीत यायची आणि टेबलाखाली बसून चित्रं काढायची. माइक चालू असताना हूं की चूं करायचं नाही, हा नियम. म्हणून दोघांनी एक सोय करून ठेवली होती. त्याने खुणेनं काही विचारलं की ती टेबलाच्या लाकडावर बोटाने वाजवायची. एकदा टक म्हणजे हो, दोनदा टकटक म्हणजे नाही. बाहेर शेकडो माणसं गाड्या पकडत असत आणि आत बापलेकीचं 'भूक लागली का' चाललेलं असे.

पुढे घोषणांसाठी एका बाईंचा आवाज भरून आणला आणि काचेच्या खोलीला कुलूप लागलं. तेवीस वर्षांत ह्याची एकही घोषणा कोणी जपून ठेवली नव्हती. गाडी गेली की घोषणाही गेली.

आता त्याला आवाजच नाही. स्वरयंत्र काढून टाकलं त्याला सव्वा वर्ष झालं. गळ्याच्या खालच्या बाजूला श्वासासाठी एक भोक आहे, त्यावर बायको तिच्या कामातून उरलेल्या कापडाचे लहान लहान रुमाल शिवून बांधते. शर्टाच्या रंगाशी मेळ बसवून. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मानेची कातडी बधिर राहील. कदाचित जाग येईल, कदाचित नाही. दाढी करताना कापलं तर त्याला रक्त दिसल्यावर कळतं. आतलंही तसंच झालेलं. वाईट वाटायला हवं तिथे तो थांबून पाहतो, काही येतंय का, आणि काही येत नाही. गळ्याला लावून बोलायचं यंत्र आणलं होतं, ते त्याने दोन दिवसांत कपाटात टाकलं. पीठ मळायच्या यंत्राने विचारपूस करावी तसा तो आवाज.

लेक लांबच्या शहरात असते. दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन येतो. ती बोलते, हा फोनजवळ टेबलावर वाजवतो. पण टक आणि टकटक ह्यांत मावतील असेच प्रश्न विचारायचे म्हणजे पोलीस चौकीतली उलटतपासणी. जेवण झालं का? टक. औषध चुकलं का? टकटक. चार मिनिटांत प्रश्न संपतात. मग ती विचारते, "ठेवू?" तो एकदा वाजवतो. दुसरं काय वाजवणार?

ह्या लेकीला तो 'ठकू' म्हणायचा. तीन महिन्यांपूर्वी तिने संदेश पाठवला: "बाबा, तुम्ही मला ठकू कसं म्हणायचात ते आठवेनासं झालंय. शब्द आठवतो, आवाज येत नाही. कुठे असेल का हो?"

घर पालथं घातलं. लग्नाच्या चित्रफितीत हा कडेला खुर्च्या मोजतोय. एका जुन्या नाटकाची फीत मिळाली, त्यात वाऱ्याचा घोंघाट आणि एक "काय सांगतोस!" एवढंच. आणि गंमत अशी की त्याचा आवाज जगात पुष्कळ शिल्लक होता. चांगली दोनशे बारा वाक्यं, स्वच्छ, खणखणीत भरलेली. फक्त त्यांत लेकीला म्हणण्यासारखं एकही नव्हतं.

ती वाक्यं एका व्हिडिओ गेमसाठी भरली होती.

गेमच्या कंपनीला माणसं हवी आहेत हे मंडळीतल्या कोणीतरी सांगितलं. मध्ययुगातलं एक राज्य, तीन शहरं, अकरा गावं, मधे जंगल. खेळणाऱ्याने घोड्यावर बसावं आणि वाटेल तिकडे जावं. नायक, राजा, खलनायक ह्यांना मोठे नट होते. पण रस्त्यावरून जाणारे, विहिरीवरचे, पुलावरचे, दारातून डोकावणारे असे शेकडो लोक होते आणि त्यांना तोंड हवं होतं. दुसऱ्या माणसाला दुसऱ्या माणसांचंच काम मिळालं. बावीस दिवस.

एका जुन्या गोदामात भिंतींना राखाडी स्पंज चिकटवून खोली केली होती. काचेपलीकडे तिघं बसत. एक तरुण दिग्दर्शक, एक ध्वनिमुद्रक आणि इतिहासाच्या बाई. ध्वनिमुद्रकाला सगळे कानसेन म्हणत, कारण चहावाला जिन्यात असतानाच किती कप आणलेत ते तो सांगायचा. आणि बाई म्हणजे बाईच होत्या. हातात लाल पेन्सिल, नाकावर चष्मा, आणि त्या काळाबाहेरचा शब्द दिसला की झडप. 'दोन मिनिटं थांब' गेलं, कारण गावकऱ्याकडे मिनिटं कुठली? बटाटा गेला, कारण तो त्या मुलखात पोचायला अजून शे-दोनशे वर्षं होती. 'सॉरी' तर सोडाच, 'आभारी आहे'सुद्धा गेलं. बाई म्हणाल्या, "वाटसरूला रस्ता सांगणारा माणूस आभार कशाला मानेल? त्याला तो वाटसरू चोर वाटतोय."

दिग्दर्शकाला एकदा वाटलं की गावातले रस्ते जरा स्वच्छ दाखवावे, दिसायला बरे. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "हे बघ, खरं हवं असेल तर चिखलासकट घे. चिखल काढलास तर ती पिकनिक झाली." त्या दिवसापासून गोदामात ती म्हणच झाली. चहात साय आली तरी कोणीतरी म्हणायचं, चिखलासकट घे.

दिग्दर्शक ह्याला म्हणाला, "काका, एक सांगू? अभिनय नको. तुम्हाला नायकाशी काही देणंघेणं नाही. तुम्ही दमलाय, तुम्हाला घरी जायचंय. कोरडं बोला. खेळणाऱ्याला वाटलं पाहिजे, हे गाव माझ्या आधीपासून इथे आहे आणि माझ्यावाचून त्याचं काही अडत नाही. तरच तो आत बुडेल."

"सव्वीस वर्षं मला अभिनय नकोच म्हणतायत," हा म्हणाला. "ते जमतं मला."

आणि खरंच जमलं. 'पुलावर पहारा आहे. वळसा घालून जा.' 'आज बाजार नाही.' 'मी काही पाहिलं नाही.' 'कोण आहे तिकडे? हत्यार खाली टाक!' एकेक वाक्य तीन-तीनदा, कोरडं ठणठणीत. त्यात त्याच्या आवाजाला तेव्हा एक खरखर आली होती. दोनेक आठवडे सर्दी समजून तो गुळण्या करत होता. तिसऱ्या दिवशी त्याने माफी मागितली, तर दिग्दर्शक खुर्चीतून उठलाच. "नाही नाही, ती राहू द्या! तीच तर मजा आहे." बाईंनीही मान डोलावली. धूर कोंडलेल्या झोपड्यांत जन्म काढणाऱ्यांचे गळे असेच असणार, म्हणाल्या. त्यांनी वहीत तशी टीपही लिहिली.

असं कौतुक त्याच्या वाट्याला जन्मात आलं नव्हतं. बायको म्हणाली, दाखवून या एकदा. तो म्हणाला, काम संपू दे, आत्ता औषधाने घसा साफ झाला तर पंचाईत. काम संपलं, मग जादा वाक्यं निघाली, मग आणखी काही. साडेतीन महिन्यांनी डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि बसायला सांगितलं. ज्याला तिघं शहाणे लोक अस्सल म्हणत होते तो रोग होता. कोणाची चूक म्हणायची? कोणाचीच नाही. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस का थांबलात? त्याला खरं कारण सांगायची लाज वाटली. तो म्हणाला, "अंगावर काढलं." त्याच्या स्वतःच्या आवाजातल्या शेवटच्या काही वाक्यांपैकी ते एक.

गेम बाजारात आला तेव्हा तो मुका होऊन आठ महिने झाले होते. जावयाने आपलं जुनं खेळायचं यंत्र पाठवून दिलं. ह्याने एकदा ऐकलं आणि उठून गेला. बायकोने मात्र ते बटणांचं खेळणं हातात घेतलं ते सोडलंच नाही.

ही बाई घरातल्या पुढच्या खोलीत उसवलेलं शिवून देते, लांब ते आखूड करते, घट्ट ते सैल करते. तिने आयुष्यात पत्त्यांचा डाव मांडला नव्हता. राजपुत्राला कोणीतरी पळवून नेलं होतं, त्याला सोडवायची कामगिरी तिच्यावर होती. राजपुत्र अजून तिथेच आहे. दुपारी जेवणं झाली की ती घोडा पुलाशी लावायची आणि बाजारात जाऊन माणसांना धक्के मारायची. धक्का मारला की माणूस बोलतो, हे तिला कळलं होतं. आठ-दहांतला एखादा ह्याच्या आवाजात बोलायचा. संध्याकाळ झाली की तिथली दुकानं बंद होत, लोक झोपायला जात, म्हणून ही झाडाखाली घोडा धरून तिथला दिवस उजाडायची वाट बघत बसे.

"शिलाई बरी आहे ह्या गावकऱ्यांची," ती शिवणाच्या मशीनवरून सांगायची, "पण बगलेत तुकडा जोडलेला नाही. हात वर केला की टरकणार."

पण गाव खरं होतं ना! धक्के मारणाऱ्या, अंघोळ न केलेल्या, कोणाचं काम न करणाऱ्या बाईबद्दल गावात कुजबुज सुरू झाली. एक दिवस पहारेकऱ्यांनी तिला धरलं आणि कोठडीत टाकलं. "मालक सांगतील तेव्हा सुटशील," असं दार लावताना म्हणणारा आवाज हिच्याच नवऱ्याचा होता. ती खो खो हसली आणि हसता हसता खेळणं खाली ठेवून स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता. हा दारात उभा राहून त्या पडद्यावरच्या कोठडीकडे बघत राहिला. आत जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवावा हे त्याला सुचलं, पण पाय हलले नाहीत.

लेकीने सुट्टीत येऊन काही वाक्यं फोनवर भरून दिली आणि बटणं करून दिली. दूधवाल्याने बेल वाजवली की हा आतून "कोण आहे तिकडे? हत्यार खाली टाक!" लावायचा. दूधवाला पहिल्यांदा दचकला, मग रोज किटली खाली ठेवून हात वर करायला लागला. घरात भाजी नसली की 'आज बाजार नाही'. बायकोने चष्मा कुठे ठेवला विचारलं की 'मी काही पाहिलं नाही'. दोनशे बारा वाक्यांत माणसाचं किती भागतं हे पाहून कोणालाही नवल वाटेल. फक्त दार उघडून आत ये असं म्हणणारं त्यात एकही नव्हतं. सगळी आपली दुसरीकडे जा म्हणणारी.

मग जावयाने उत्साहाने त्या वाक्यांवरून संगणकाकडून नवा आवाज बनवून घेतला. काही टाइप करा, ह्याच्या आवाजात बोलतो. लेकीने लिहिलं: 'ठकू, जेवलीस का?' आणि आवाज आला. ह्याचाच. पण पुलावरून वाटसरूला हाकलावं तसा. कोरडा, दमलेला, घरी जायची घाई असलेला. यंत्र तरी काय करणार, त्याला शिकवलेलंच तेवढं. लेक म्हणाली, "पुसून टाक हे. आधी पुस." आणि त्यानंतर महिनाभराने तिने तो संदेश पाठवला होता, आवाज येत नाही म्हणून.

पण एक जागा होती. आणि ती ह्याला पक्की माहीत होती.

गोदामातल्या कामाच्या अकराव्या दिवशी हा फोन बंद करायचा विसरला होता. माइकसमोर, भर वाक्यात, खिशात फोन वाजला. लेकीचा. त्याने घेतला आणि बोलला. मुद्रण चालू होतं. ह्या सव्वा वर्षात त्याने तो क्षण इतक्यांदा काढून पाहिला होता की त्याच्या कडा झिजल्या होत्या. तो म्हणतो, "बोल ठकू," मग दोघं थोडं बोलतात, हा हसतो. असं होतं ते. लेकीला त्याने पाटीवर लिहून, पाटीचा फोटो पाठवून कळवलं होतं: "एका ठिकाणी आहे. मिळवतो." कंपनीला दोनदा लिहिलं, उत्तर नाही.

त्या मंगळवारी सकाळी कानसेनचा संदेश आला. "काका, गोदाम सोडतोय. टाकून दिलेलं सगळं मुद्रण आज दुपारी दोनला पुसणार. तुमचं पत्र मला आज दिसलं. लगेच या."

बायकोने रुमाल बदलला, निळा बांधला. "मी येऊ?" तिने विचारलं. त्याने मानेनेच नको म्हटलं. तिने पाटी त्याच्या पिशवीत टाकली आणि खडू आहे का पाहिलं.

गोदाम ओळखू येत नव्हतं. भिंतींवरचा स्पंज ओरबाडून कोपऱ्यात टाकला होता, वायरींची वेटोळी दाराशी पडली होती. कानसेन एकटाच, एका खोक्यावर संगणक ठेवून बसला होता. साडेदहा वाजले होते. त्याने ह्याच्या गळ्याकडे पाहिलं, मग नजर चोरून खुर्ची पुढे केली.

"अकरावा दिवस म्हणालात ना? तो सहा तासांचा आहे. ठेवायचं ते कापून नेलं, उरलेलं हे. खोकले, चुकलेली वाक्यं, बाईंची भांडणं. वेळ आठवते का?"

ह्याने पाटीवर लिहिलं: जेवणाआधी.

दोघांनी कानांवर यंत्रं चढवली. ह्याचा आवाज आला. पूल, पहारा, वळसा. खोकला. परत पूल. बाई म्हणतायत, 'मिनिट नाही, मिनिट नाही!' कानसेन पुढे ढकलत होता, थांबत होता. असे सव्वादोन तास गेले. ह्याला काही वाटत नव्हतं. कोणा अनोळखी माणसाला काम करताना ऐकावं तसं तो ऐकत होता. त्या माणसाला खोकला होता आणि त्याने डॉक्टरकडे जायला हवं होतं.

मग फोन वाजला.

"हं, बोल," तो माणूस म्हणाला. ठकू नाही. नुसतं बोल. पलीकडचं ऐकू येत नव्हतं, फक्त एक बारीक किणकिण. "नाही गं, कामात आहे... काही काम आहे का?... मग ठेव. ठेव आता. नंतर करतो."

टक. फोन बंद.

संपलं. सगळं मिळून दहा-बारा सेकंद. हसणं नव्हतं, गप्पा नव्हत्या. 'पुलावर पहारा आहे' आणि हे ह्यांत फरक सांगता आला नसता. ज्याने अभिनय नको म्हणून सांगितलं होतं त्या दिग्दर्शकालाही एवढं कोरडं जमवून घेता आलं नसतं. ह्याला लाज वाटली. सव्वा वर्षात पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते हे. आणि त्या दिवशी नंतर फोन केला होता का? नव्हता केला. रविवारी तिनेच केला होता.

त्याने कानांवरचं काढायला हात नेला. कानसेनने तो हात धरला. "थांबा काका. अजून चालू आहे."

खुर्ची करकरली. मग मुद्रणातला कानसेन, लांबून: "कोण होतं?"

"लेक." घसा खाकरला. "आमची ठकू."

आणि आवाज बदलला होता. खरखर तीच, पण खाली काहीतरी सैल झालं होतं. "काही काम नसतं हो तिचं. उगाच करते." खुर्ची परत करकरली. "पण उगाच आलेला फोनच खरा. कामाला काय, कोणीही करतं. ठकूचा फोन आला नाही ना, तर मला दिवस मोडल्यासारखा वाटतो." एक हसू, खोकल्यात बुडालेलं. "चला, कुठे होतो आपण? पुलावर ना?"

हे सगळं त्याने काचेपलीकडच्या परक्या माणसाला सांगितलं होतं. जिला सांगायचं तिला 'ठेव' म्हणून.

कानसेनने पडद्यावरच्या रेघेवर दोन खुणा केल्या. "काका, ऐका. मी 'आमची ठकू'पासून पुढचं कापून देतो. हवं तर नुसतं 'ठकू' वेगळं काढून देतो, अगदी स्वच्छ. आधीचं कोणाला कळायचंसुद्धा नाही. पोरीला कशाला ते?"

समोरच्या भिंतीवर स्पंज उपटल्याच्या खुणा होत्या. ह्याने त्यांच्याकडे पाहिलं. एवढं करून पोरीला काय द्यायचं? नुसता गोड बाप? तो कधी नव्हता. तिला तो 'ठेव' म्हणणारा माहीत होता, त्याच्याचकडे तिने वर्षानुवर्षं उगाच फोन केले होते. त्याने पाटी घेतली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं:

चिखलासकट.

कानसेनने वाचलं. चष्मा काढून पुसला, परत लावला. मग त्याने फोन वाजतो तिथपासून पुलापर्यंतचा सबंध तुकडा ह्याच्या फोनवर पाठवला. एक वाजून पाच मिनिटं झाली होती. हा उठला तेव्हा कानसेन म्हणाला, "सांभाळून जा." मग उगाचच, "गॅसवाल्यांच्या बाजूने जाऊ नका, रस्ता खणलाय." ह्याने खिशातून फोन काढून बटण दाबलं. 'वळसा घालून जा,' फोन म्हणाला, आणि कानसेन हसला.

रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याने तो तुकडा लेकीला पाठवला. बरोबर काही लिहिलं नाही. तिच्या कामाची वेळ होती.

घरी बायको मशीनवर होती, कोणाच्या तरी पँटची चेन बदलत होती. "मिळालं?" तिने विचारलं. त्याने मान डोलावली. तिने ऐकायला मागितलं नाही. तिचा दोरा तुटला होता आणि तो ओवण्यात ती बराच वेळ घालवत होती. हा जेवणाच्या टेबलाशी बसला. गळ्यापाशी हात लावून पाहिला. कातडी तशीच, दुसऱ्याची असावी तशी.

चारच्या सुमाराला फोन वाजला. मंगळवार होता. त्याने उचलला आणि टेबलावर ठेवला.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मशीनचं पायडल थांबलं.

"बाबा," लेक म्हणाली. "ऐकलं मी. सगळं ऐकलं." मग ती म्हणाली, "काही काम नाही हो. उगाच केला."

त्याने एकदा वाजवलं.

मग ती सांगत सुटली. कार्यालयातली लिफ्ट बंद पडलीय. शेजारच्या बाईने कुत्रं आणलंय, ते फक्त जावयावर भुंकतं. डब्यात मीठ विसरलं. टक नको, टकटक नको, असलं सगळं. बायको दोरा तसाच हातात धरून दारात येऊन उभी राहिली. किती वेळ गेला ते कोणी पाहिलं नाही.

शेवटी लेक थांबली. सवयीने म्हणाली, "बरं बाबा. ठेवू?"

त्याने टेबलावर दोनदा वाजवलं.